रजिस्टरात नसलेलं

भोगावतीच्या काठी एक गाव होतं. गावात ऊस होता, गोठ्यांत म्हशी होत्या आणि म्हशींच्या जिवावर चाललेली एक दूध संस्था होती. गावाचं नाव विचारू नका. कोल्हापूर जिल्ह्यात असं गाव शोधायला निघालात तर पहिल्याच फाट्यावर एक सापडेल.

संस्थेचे सेक्रेटरी होते तात्या. वर्षभराने ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी गावातल्याच एका मुलीला घ्यायचं संचालक मंडळाने ठरवलं. मुलगी बी.कॉम. झालेली, वर पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत शिकून आलेली. चेअरमन तिला म्हणाले, "वर्षभर तात्यांच्या हाताखाली शीक, आणि तेवढ्यात डेअरी मशिनवर आण. मग खुर्ची तुझीच." म्हणजे खुर्ची मिळण्याआधीच खुर्चीतल्या माणसाचं काम करून दाखवायचं. आपल्याकडे होतकरू माणसाची परीक्षा अशीच घेतात.

जुनी पद्धत अशी होती. सकाळ-संध्याकाळ बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. दूध मापाने मोजून घ्यायचं, प्रत्येकीच्या दुधाचं सॅम्पल नंबराच्या बाटलीत काढायचं. टेम्पो कॅन घेऊन गेला की टेस्टर मामा कामाला बसायचे. काचेच्या नळीत 10 मिली ॲसिड, त्यावर 10.75 मिली दूध, वरून 1 मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून नळी हलवली की ती हाताला चटका देण्याइतकी तापते. मग ती यंत्रात घालून पाच मिनिटं गरगर फिरवायची आणि 65 अंशांच्या पाण्यात ठेवायची. दुधातलं सगळं जळून जातं, तेवढी चरबी पिवळ्या थराने वर उरते. तो थर नळीवरच्या रेघांवर मोजला की फॅट कळते. निकलाउस गर्बर नावाच्या स्विस माणसाने 1891 मध्ये ही पद्धत काढली. मामांना गर्बर माहीत नव्हता, पण त्यांच्या बोटांवरचे ॲसिडचे डाग पाहिले असते तर गर्बरने मामांना नक्की ओळखलं असतं.

या थरावर घरं चालत होती. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (म्हणजे चरबी सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा दराचा पाया. दशांशाचा एकेक प्वाइंट वर गेला की पैसे वाढतात, खाली आला की कापतात. दर दहा दिवसांनी बिल निघायचं. त्यासाठी तात्या दोन-तीन रात्री दिवा लावून आकडेमोड करत बसायचे.

मुलीने महिनाभर सगळं बारकाईने पाहिलं. रजिस्टरं वाचली, पावतीपुस्तकं चाळली, तात्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दोष तिला ढीगभर सापडले, आणि ते दोषच होते. आजच्या दुधाची फॅट उद्या कळायची. हाताने लिहिलेल्या आकड्यांत चुका व्हायच्या. मामा चेअरमनच्या भावकीची नळी जरा वर धरून वाचतात, अशी कुजबुज कायम असायची. ॲसिडची बाटली फळीवर उघडीच पडलेली असायची.

तिच्याजवळ पुण्याची वही होती. वहीत कुर्ट लेविनचे तीन शब्द होते: वितळवा, बदला, गोठवा. हार्वर्डच्या जॉन कॉटरच्या 1996 च्या पुस्तकातल्या आठ पायऱ्याही होत्या. पहिली पायरी म्हणजे निकड निर्माण करणं. आहे तसं चालू राहिलं तर आपण बुडू, हे लोकांना पटवणं. तिने सभा घेऊन तेच केलं. "पुढच्या दोन-तीन वर्षांत आपण सुधारलो नाही तर ही संस्था बंद पडेल," असं ठणकावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते त्यांना पटलंही. किती पटलं ते पुढे कळेल.

पाडव्याला मशिन बसलं. ध्वनिलहरींवर चालणारं, एका मिनिटाच्या आत फॅट आणि एसएनएफ सांगणारं. शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा, कॉम्प्युटर, पावती काढणारा छोटा प्रिंटर. भिंतीवर रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसेल असा लाल आकड्यांचा फलक. कारभार पारदर्शक हवा, असं वहीत होतं. बिलाचे पैसे आता थेट सभासदाच्या बँक खात्यात जाणार होते. चेअरमननी नारळ फोडला. मामांना सांगितलं, तुम्ही आता कॅन धुण्यावर लक्ष ठेवा. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते डेअरीसमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागले.

पहिल्या दहा दिवसांत थोडं दूध कमी झालं. उन्हाळा आहे, म्हशी आटल्या असतील, असं ती म्हणाली. दुसऱ्या दहा दिवसांत आणखी घटलं. तिसऱ्या बिलाच्या वेळी लक्षात आलं की म्हशी आटलेल्या नाहीत. दूध खाजगी गवळ्याच्या मोटरसायकलवरून जातंय. गवळी दारात येतो, बोट बुडवून दूध बघतो, संस्थेपेक्षा कमी दर देतो, आणि तरीही बाया त्याला दूध घालतात!

तिने आणखी जोर लावला. समाजमंदिरात माहितीचा कार्यक्रम ठेवला. पडदा लावला, गवळी आणि संस्था यांच्या दरातला फरक रंगीत तक्त्यांत दाखवला. वेळ संध्याकाळी सहाची. खुर्च्या भरल्या, चहा संपला, टाळ्याही पडल्या. फक्त त्या वेळी गावातली प्रत्येक बाई म्हशीखाली बसलेली होती. समाजमंदिरात जमले होते ते धार न काढणारे.

कट्ट्यावरून मामा ओरडून सांगत, "मशिन खोटं बोलतंय!" तिने चेअरमनकडे तक्रार केली की हा माणूस लोकांची मनं बिघडवतोय. वहीत यालाही शब्द होता: बदलाला विरोध. हा शब्द फार सोयीचा आहे. तो एकदा समोरच्याला चिकटवला की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब लोकही त्यावर वर्षानुवर्षं निभावून नेतात, मग या पोरीला काय बोल लावायचा?

एका रात्री हिशेब बंद करताना ती तात्यांना म्हणाली, "तात्या, दर आपला जास्त, मशिन आपलं अचूक. बाया गवळ्याकडं का जातात?"

तात्यांनी चष्मा काढला. "आता विचारलंस."

"म्हणजे?"

"महिनाभर तू मला रजिस्टरातलं सगळं विचारलंस. रजिस्टरात नसलेलं काय विचारलंस? सांग बघू, बिलाचं पाकीट मी कुणाच्या हातात देत हुतो?"

"सभासदाच्या."

"सभासद कोण?"

तिने रजिस्टर आठवलं. सगळी नावं पुरुषांची. शेत ज्याच्या नावावर, संस्थेचा शेअरही त्याच्याच नावावर.

"सभासद दादला," तात्या म्हणाले. "दूध घालणार बाई. तर पाकीट मी देत हुतो बाईच्या हातात, सांजच्याला, गडीमाणसं पारावर असताना. सह्या दादल्यांकडनं आधीच घेऊन ठेवल्याल्या. हे नियमात बसत न्हवतं बरं का. ऑडिटरनं धरलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण त्या पाकिटातनं पोरांची फी जायची, पेंड यायची, बचत गटाचा हप्ता जायचा. आता पैसं जातंय खात्यात. खातं दादल्याचं, कार्ड दादल्याच्या खिशात. गवळी कमी देतोय, पण देतोय कुणाच्या हातात?"

ती गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"एक तर तू विचारलं न्हाईस. आणि खरं सांगू? तीस वर्षं काम केल्यालं माणूस बाजूला बसवलं की त्याच्याबी मनात थोडं पाप येतंय. म्हटलं, पडू दे एकदा तोंडावर."

तात्पर्य शेवटी सांगायची पद्धत आहे, पण या गोष्टीचं तात्पर्य इथेच घडलं, म्हणून इथेच सांगतो. जुनी रीत मोडायला निघालेल्याने ती रीत कुणाच्या उपयोगी पडत होती, हे आधी शोधावं. तिचे दोष कागदावर असतात, ते कुणालाही दिसतात. तिचे उपयोग बहुधा कागदाबाहेर असतात. ज्यांना ते माहीत असतात, त्यांना सभेत कुणी बोलावत नाही. सभा संध्याकाळी सहाला असते.

आता त्या वहीबद्दल. लेविनचे तीन शब्द तिने पाठ केले होते, पण त्या शब्दांमागचं काम वाचलं नव्हतं. खरं तर ते काम या डेअरीलाच जास्त लागू होतं. लेविन हा जर्मनीतून 1933 मध्ये अमेरिकेत गेलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तिकडे मांसाचा तुटवडा पडेल अशी धास्ती होती. लोकांनी काळीज, गुर्दे असे सहसा न खाल्ले जाणारे भाग खावेत, अशी सरकारची इच्छा. हे लोकांच्या गळी कसं उतरवायचं? लेविनने आधी एक गोष्ट तपासली: घरातल्या ताटात काय येतं, हे ठरवतं कोण? उत्तर आलं, घरातली बाई. बाजारातून काय आणायचं, परसात काय लावायचं, ताटात काय वाढायचं, या वाटेवरची राखणदार ती. मग त्याने आयोवात बायकांचे गट घेतले. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं, पौष्टिकता सांगितली, पाककृती छापून वाटल्या. बाकीच्या गटांत तज्ज्ञ कमी बोलली. बायकांनी आपसात चर्चा केली, अडचणी मांडल्या आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून ठरवलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरात तिघींनी तो पदार्थ घरी केला होता. स्वतः चर्चा करून ठरवलेल्यांपैकी बत्तीस जणींनी.

त्या रात्री तिने हे वाचलं. समाजमंदिरातला कार्यक्रम म्हणजे व्याख्यानाचा गट होता, तोही चुकीच्या माणसांचा. शिवाय संस्था बंद पडेल हे तिचं भाकीत बायांनी खरं मानलं होतं. बुडणाऱ्या डेअरीत दूध घालत राहण्यापेक्षा आत्ताच गवळ्याशी संबंध जोडलेले बरे, असा साधा हिशेब त्यांनी केला. निकड निर्माण झाली होती. फक्त ती गवळ्याच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे साडेपाचला एका गोठ्यात गेली. मग दुसऱ्या. पुढचे काही आठवडे तिने हेच केलं. बाया धार काढता काढता बोलत. हात कामात असले की जीभ मोकळी होते. काही जणी तर तिला वैरण टाकायलाही लावत.

एक विधवा बाई म्हणाली, "तुझ्या त्या लाल आकड्यावर माझी फॅट 5.2 आली. मागनं कोणतरी म्हणालं, पाणी घातलंय. सगळी रांग हसली. मी पाण्याचा थेंब घातला न्हाई गं. म्हस नुकती व्यालीया, शेवटच्या धारा रेडकाला सोडतो मी. रेडकू मरू देऊ व्हय?"

मुलीला हे ठाऊक नव्हतं. आचळातलं पहिलं दूध पातळ असतं, सगळा दाटपणा शेवटच्या धारांत उतरतो. त्या रेडकाने प्यायल्या की किटलीत फॅट कमी लागणारच. नुकत्या व्यालेल्या म्हशीची फॅट तशीही कमी असते, वेत पुढे सरकतं तशी ती वाढते. फलकावर यातलं काही येत नव्हतं. फलकावर फक्त 5.2 येत होतं. ज्याला ती पारदर्शकता म्हणत होती, ते रांगेत उभ्या असलेल्या बाईला चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटत होतं. जुन्या पद्धतीत फॅट ज्याच्या त्याच्या पुस्तकात गुपचूप लिहिली जायची, हा त्या पद्धतीचा दोष नव्हता.

मग तिने बायांनाच विचारलं, काय केलं तर मशिन चालेल? यावर त्या आपसात बऱ्याच भांडल्या. शेवटी तीन गोष्टींवर एकमत झालं. फलकाचं तोंड फिरवायचं, आकडा फक्त दूध घालणारीला दिसला पाहिजे. पैसे आपल्या खात्यात आले पाहिजेत. आणि मशिनबद्दल शंका आली तर मामांनी डोळ्यांदेखत ॲसिडने तपासून द्यायचं.

तिसऱ्या अटीने ती चक्रावली. ज्यांच्यावर नळी वर धरण्याचा संशय, त्याच मामांवर भरवसा? विधवा बाई हसून म्हणाली, "मामा लबाडी करंल तर ती दिसती. मशिनची दिसत न्हाई."

मग तिने मशिनबरोबर आलेलं माहितीपुस्तक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मशिन रोज ठरलेल्या द्रावणाने धुवायला हवं, दुधात हवेचे बुडबुडे नकोत, आणि मशिनचा आकडा अधूनमधून गर्बर पद्धतीने पडताळून मशिन जुळवून घ्यायला हवं. म्हणजे नव्या मशिनचं खरंखोटं जुन्या नळीनेच ठरणार होतं. तिने मामांना कट्ट्यावरून बोलावून आणलं. मामा आढेवेढे घेत आले. त्यांनी बाटल्या मांडल्या, तीच सॅम्पलं दोन्ही रीतींनी तपासली. मशिन सरसकट तीन प्वाइंट कमी दाखवत होतं. आतल्या नळीत दुधाचा थर साचला होता.

मामा खोटं बोलत नव्हते. गावाचे पैसे रोज कापले जात होते, आणि ते ओरडून सांगणाऱ्या एकुलत्या एक जाणकाराला तिने विरोधक ठरवलं होतं. कापलेले पैसे पुढच्या बिलात परत करायचा ठराव तिने स्वतः मांडला. चेअरमन कुरकुरले, पण ठराव झाला. त्या एका बिलाने जेवढं दूध परत आणलं तेवढं रंगीत तक्त्यांनी कधी आणलं नसतं.

फलक फिरवणं पाच मिनिटांचं काम होतं. खात्याचं काम मात्र अवघड निघालं. खातं बदलायला सभासदाची संमती लागते, आणि सभासद पारावर बसलेला. संचालक मंडळात विषय निघाला तसा गोंधळ उडाला. घरात भांडणं लावायची आहेत काय, असा एकाचा सवाल. कायद्याने संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखीव आहेत. त्या जागांवर या संस्थेतही दोघी होत्याच, म्हणजे त्यांची नावं होती. सही घ्यायला शिपाई रजिस्टर घेऊन घरी जायचा. मुलगी त्यातल्या एकीच्या गोठ्यात आधीच जाऊन आली होती. ती बाई चेअरमनची धाकटी भावजय. त्या दिवशी ती पहिल्यांदाच सभेला येऊन बसली आणि म्हणाली, "भावजी, आपल्या गोठ्यातलं दूध रोज कोण घालतंय? रांगेत तुम्हाला मी एकदा बी बघितलं न्हाई."

चेअरमननी पाण्याचा ग्लास उचलला. शेवटी ठरलं असं की सक्ती नको. ज्या सभासदाला वाटेल त्याने बिल बायकोच्या खात्यात जमा करायचं संमतीपत्र द्यावं. पहिलं संमतीपत्र चेअरमनच्या धाकट्या भावाचं आलं. ते त्याने किती खुशीने दिलं ते घरातल्यांना ठाऊक. हळूहळू निम्म्यांहून जास्त घरांची आली. सगळ्यांची आली नाहीत. काही घरांचं दूध आजही गवळ्याकडे जातं, आणि मुलगी त्यांना नावं ठेवत नाही. त्या बायांना तात्यांचं पाकीट हवं होतं. त्याच्याइतकं सोपं काही तिच्याकडे अजून नाही.

वर्ष संपलं, तात्या निवृत्त झाले. ती सेक्रेटरी झाली. खुर्चीत बसल्यावर पहिलाच तंटा मामांनी उभा केला. दर मंगळवारी मशिन पडताळायचं काम त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, "हे काम मी फुकट करणार न्हाई. भत्ता पायजे. आणि तोंडी नगं, रजिस्टरात लिव."

तिने ठराव मांडला, नवं खातं उघडलं, मामांची सही घेतली. पुढच्या लेखापरीक्षणात ऑडिटरने त्या खात्यावर बोट ठेवलं. एवढं महागडं मशिन घेतल्यावर जुन्या टेस्टरला पैसे कशासाठी, असं विचारलं. मुलीने माहितीपुस्तकाचं ते पान आणि मंगळवारच्या तपासण्यांची वही त्याच्या पुढ्यात ठेवली. ऑडिटर पानं उलटत असताना मामा दारात उभे राहून म्हणाले, "सायेब, विश्वास नसंल तर एक सॅम्पल आत्ता लावतो. पाच मिन्टं थांबा."

ऑडिटर थांबला.